गावाचं नाव, गावची लोकसंख्या: मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका चाळीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा भरते. मंडळाच्या वह्या माझ्याकडे असतात, म्हणून गावाविषयीचे कागदोपत्री प्रश्नही माझ्याकडेच येतात. जनगणनेचं वारं सुटलं की ते दुप्पट होतात. आमचं गाव सिंधुदुर्गातलं, लहान, डोंगर आणि ओढा यांच्या मधलं. पण रत्नागिरी, रायगड, सातारा, कोल्हापूरकडच्या मंडळांतही हेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

आमच्या गावाची लोकसंख्या नेमकी कुठे पाहायची?

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत. प्रत्येक जिल्ह्याची अशी पुस्तिका निघते. तिच्या एका भागात गावातल्या सोयींची माहिती असते: शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना, जमिनीचं क्षेत्र. दुसऱ्या भागात गाववार आकडे असतात: कुटुंबं किती, पुरुष किती, स्त्रिया किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, साक्षर किती, कामकरी किती. जनगणना आयुक्तांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर या पुस्तिका फुकट मिळतात. गाववार छापील आकडे सध्या २०११ च्या जनगणनेचेच आहेत, कारण २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली आणि पुढची मोजणी २०२७ ची ठरली.

शोधताना गावाच्या नावावर विसंबू नका. पिंपळगाव, वडगाव, आंबवली, चिंचवली ही नावं महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत याची मोजदाद नाही. २०११ पासून प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. तो एकदा शोधून मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. महाराष्ट्राचा क्रमांक २७, रत्नागिरीचा ५२८, सिंधुदुर्गाचा ५२९. जिल्हा, तालुका आणि कोड जुळला की समोरचं गाव आपलंच.

ग्रामपंचायतीच्या फलकावर एक आकडा आणि जनगणनेत दुसरा. खरा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात. लहान गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. फलकावर तिचा आकडा, म्हणजे दोन-तीन महसुली गावांची बेरीज असते. जनगणनेत प्रत्येक महसुली गाव स्वतंत्र मोजलेलं असतं. शिवाय आरोग्यसेविकेचा, अंगणवाडीचा असे आणखी आकडे असतात. ते आपापल्या कामापुरते आणि अनेकदा ताजे असतात. पण सरकारी योजनेच्या कागदात ‘लोकसंख्या’ एवढाच शब्द असेल तर साधारणपणे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा धरला जातो.

आमच्या वाडीचं नाव यादीत सापडतच नाही. आमची वाडी मोजलीच नाही का?

मोजली, पण गावाच्या पोटात. आपण ज्याला गाव म्हणतो ते आणि सरकार ज्याला गाव म्हणतं ते वेगळं असू शकतं. जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव, ज्याची स्वतःची शीव, स्वतःचा नकाशा आणि स्वतःचं दप्तर तलाठ्याकडे असतं. सातबाऱ्यावर ‘मौजे’ या शब्दापुढे जे नाव येतं ते. वाडी, पाडा, तांडा, आवाठ, कोंड ही माणसांची वस्ती असते, महसुली एकक नव्हे.

कोकणात याचा फटका मोठा आहे. एका गावाच्या दहा-बारा वाड्या असतात आणि एकीकडून दुसरीकडे जायला डोंगर चढावा लागतो. पुस्तिकेत गावात शाळा ‘आहे’ असं लिहिलेलं असतं. ती असते गावठणात, आणि वरच्या वाडीतलं पोर पावसात ओढा ओलांडून तिथे जातं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. इरशाळगडाच्या पोटाशी ठाकर समाजाची ती वाडी होती. तिथवर गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात पायी चढून गेले. ढिगाऱ्याखाली किती माणसं आहेत हे ठरवायला आधी वाडीत किती माणसं राहत होती ते कळावं लागतं, आणि त्यातली कोण त्या रात्री बाहेरगावी होती तेही. वाडीवार यादी ही चैन नाही, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक सभेत सांगतो.

एक गोष्ट वाड्यांच्या बाजूची आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत महसुली गाव नाही, वस्ती मोजतात. सपाटीला ५०० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २५० लोकवस्ती असा तिचा मूळ निकष आहे. तेव्हा रस्त्याच्या अर्जात गावाचा आकडा लिहून थांबू नका, वाडीचा द्या.

मी नोकरीमुळे मुंबईत आहे, पण रेशनकार्ड, घर, देव सगळं गावी. मी गावच्या लोकसंख्येत धरला गेलो आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि हे उत्तर सर्वांत कमी आवडतं.

जनगणनेला तुमचं मूळ कुठलं याच्याशी कर्तव्य नसतं, तुम्ही त्या काळात राहता कुठे एवढंच ती पाहते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात प्रगणक घरोघर फिरले, आणि १ मार्चच्या पहिल्या क्षणाला देशाची लोकसंख्या किती होती ते ठरवलं गेलं. त्या दिवसांत तुमचं बिऱ्हाड डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात किंवा लालबागला होतं, तर तुम्ही तिथले. २०२७ साठीही १ मार्च २०२७ हाच संदर्भदिवस आहे. आधी घरयादी आणि मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असे दोन टप्पे आहेत.

फेब्रुवारी महिना आपल्यासाठी फार खरा बोलतो. गणपती नाही, मे महिन्याची सुट्टी नाही. तेव्हा गावात असतो तो गावात राहणाराच.

मग प्रगणकाला सांगून गावी नाव लावून घेतलं तर बिघडलं काय? गावाचा आकडा वाढला तर गावाचाच फायदा ना?

हे म्हणणारी माणसं गावावर जीव असलेली असतात, हे मला ठाऊक आहे. माझाही एकेकाळी हाच विचार होता. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आकड्यावर बरंच अवलंबून असतं, हे खरं आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरतं: १५०० पर्यंत ७, ३००० पर्यंत ९, मग ११, १३, १५ असं करत ७५०० च्या पुढे १७. आरोग्य उपकेंद्र साधारण ५००० लोकवस्तीमागे एक असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० मागे एक, डोंगरी भागात २०,००० मागे. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १०. त्यामुळे ‘चार डोकी जास्त सांगा’ हा मोह समजण्यासारखा आहे.

पण उलट बाजू पाहा. तुम्ही मुंबईतही मोजले जाणार. चाळीत, इमारतीत प्रगणक येतोच आणि घरातली माणसं तुमचं नाव सांगतातच. म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जातो. जनगणना कायद्याने प्रत्येकजण आपल्या माहितीप्रमाणे खरी उत्तरं द्यायला बांधील आहे, ही झाली कायद्याची बाजू. माझं खरं दुखणं वेगळं आहे. फुगवलेला आकडा गावाचं दुखणं लपवतो.

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. सबंध महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. आपण सगळ्यांनी प्रेमापोटी स्वतःला गावी मोजून घेतलं असतं तर ही घट कागदावर दिसलीच नसती. मग शाळेत मुलं का नाहीत, शेतं पडीक का, पालखी उचलायला माणसं मुंबईहून का बोलवावी लागतात, या प्रश्नांना पुरावा कुठला दाखवला असता?

स्त्री-पुरुषांचे आकडेही असंच सांगतात. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात हजारामागे ८३२. मुंबईत देशभरातून पुरुष येतात, पण या दोन आकड्यांच्या मध्ये आपली घरंही आहेत. बाप्या गिरणीत, गोदीत, पुढे वॉचमन किंवा कुरियरच्या नोकरीत, आणि बाई गावी शेत आणि सासूसासरे सांभाळत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मनीऑर्डरी थांबल्या त्या या घरांच्या. चाळीतल्या एकेका गाळ्यात एका गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत. ते सगळे मुंबईचे म्हणून मोजले गेले, आणि ते बरोबरच होतं. गावात बाया उरल्या होत्या, हे आकड्याने खरं सांगितलं.

आणि मुंबईलाही आपला खरा आकडा लागतो. इथलं पाणी, लोकल, नगरसेवकांचे प्रभाग, महापालिकेचे दवाखाने यांचा हिशोब इथे राहणाऱ्यांवर होतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहत असतील तर सातच सांगा. गावचा संबंध नोंदवायची जागा वेगळी आहे: २०११ च्या तक्त्यात जन्मठिकाण, आधीचं राहण्याचं ठिकाण, येण्याचं कारण आणि येऊन किती वर्षं झाली, हे विचारलं होतं. तिथे गावाचं, जिल्ह्याचं नाव ठासून सांगा. ‘कोकण’ किंवा ‘देश’ असं मोघम सांगू नका.

मतदारयादीतलं नाव गावी ठेवू की मुंबईत?

राहता तिथे. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही. केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. नोंदणीसाठी खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरायचा. निवडणुकीला भरून जाणाऱ्या गाड्यांवरून आमच्या सभेत दर पाच वर्षांनी भांडण होतं. माझं मत मी वर लिहिलं आहे.

गावचं घर कुलूपबंद आहे. ते मोजतात का?

हो, घरयादीच्या टप्प्यात. प्रगणक प्रत्येक इमारतीला क्रमांक देतो, नजरी नकाशावर खूण करतो आणि घर वापरात आहे, रिकामं आहे की कुलूप आहे ते नोंदवतो. त्यामुळे बंद घराची नोंद होते, माणसांची होत नाही. दारावरचा क्रमांक गणपतीची रंगरंगोटी करताना पुसू नका, निदान मोजणी पुरी होईपर्यंत.

आई गावी एकटी असते. तिची मोजणी राहून जाऊ नये म्हणून काय करायचं?

गेल्या वेळी माझ्या आईने फोनवर विचारलं होतं, “आमका कोण मोजूक येतलो रे?” वाडीतलं शेवटचं घर, वर चढायचं, आणि ती दिवसभर परड्यात. खालच्या घरी चौकशी करून कोणी परत जाईल अशी तिला भीती होती.

प्रगणक बहुधा गावातलेच किंवा जवळच्या शाळेतले शिक्षक असतात. मोजणीच्या आठवड्यात शेजाऱ्याला सांगून ठेवा की अमक्या घरात माणूस आहे, हाक मारा. २०२७ साठी स्वतः मोबाइलवरून माहिती भरायचीही सोय आहे. ती आईच्या बाजूने भरायची तर गावच्या पत्त्यावर आणि फक्त तिथे राहणाऱ्यांची भरा. मुंबईतला मुलगा, सून, नातवंडं त्या घरात लिहू नका. जनगणनेतलं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. भाऊ एकाच ओटीवर राहत असले तरी चुली दोन असतील तर कुटुंबंही दोन.

आणखी एक, कारण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना याची लाज वाटते. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत असेल तर ते सांगायला बाईला भाग पाडता येत नाही. जनगणना कायद्यातच तसं लिहिलं आहे. आईला हे आधी सांगा, ती निवांत होईल.

लोकसंख्या शून्यावर आली तर गाव यादीतून काढून टाकतात का?

नाही. गाव माणसांचं असतं तसं जमिनीचंही असतं. जमीन आहे, शीव आहे, दप्तर आहे, तोवर महसुली गाव राहतं आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य येतं. २०११ मध्ये देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावं होती, त्यातली वस्ती असलेली सुमारे ५ लाख ९७ हजार. बाकीची नावं, नकाशे, सर्व्हे नंबर आहेत, फक्त माणूस नाही. महाराष्ट्रातही अशी गावं हजारांत आहेत.

जुन्या दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणत. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. आपण त्याचं ‘बेचिराख’ केलं आणि त्यात राख ऐकू लागलो. मूळ शब्द जास्त जिव्हारी लागतो. पटकी, प्लेग, दुष्काळ, धरण, अशी कारणं वेगवेगळी. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा माणसं लांब, पार दुसऱ्या जिल्ह्यांत वसवली गेली आणि कित्येकांनी नव्या जागेलाही जुनंच नाव दिलं.

आपल्या मालवण तालुक्यात आचऱ्याला, चिंदरला गावपळण होते. ठरावीक वर्षांनी, देवाचा कौल घेऊन, सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस शिवेबाहेर राहुट्या घालून राहतं. त्या तीन रात्री गावाची लोकसंख्या शून्य असते. मग परत कौल मिळतो आणि माणसं आपापल्या दारात येतात. लहानपणी मामाबरोबर एकदा मी त्या राहुटीत राहिलो आहे. परत आल्यावर आजीने सगळ्यांत आधी तुळशीपुढे दिवा लावला होता.

आमच्या गावाच्या नावात ‘बुद्रुक’ आहे आणि शेजारच्या गावात ‘खुर्द’. म्हणजे काय?

दोन्ही शब्द फारसीतून आले. बुजुर्ग म्हणजे मोठा, त्याचं बुद्रुक झालं. खुर्द म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावं झाली, बहुधा मूळ गावातून काही घरं फुटून शेजारी वसली, तेव्हा दप्तरात ओळख पटावी म्हणून ही जोड आली. ही जोड त्या काळची आहे. आज खुर्दात माणसं जास्त आणि बुद्रुकात कमी असंही होतं, आणि त्यात चूक काही नाही.

कोकणात ‘तर्फ’ आणि ‘कर्यात’ही दिसतात. हे तालुक्यापेक्षा लहान असे जुने महसुली भाग. कुडाळ तालुक्यात नेरूर तर्फ हवेली आहे आणि नेरूर कर्यात नारूरही. कुठल्या नेरूरचा, हे विचारल्याशिवाय लग्नाची पत्रिका पाठवू नये. त्याच तालुक्यात हुमरमळा अणावचा वेगळा आणि वालावलचा वेगळा. ही शेपटं लांबलचक वाटतात म्हणून लोक अर्जात ती गाळतात आणि तिथेच घोळ होतो. पूर्ण नाव लिहा.

आधारवर गावाचं नाव एका तऱ्हेने, सातबाऱ्यावर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. कोणतं धरायचं?

सातबाऱ्यावरचं देवनागरी नाव. रोमन लिपीत गेलं की ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, शेवटचा अनुस्वार उडतो, आणि परत देवनागरीत येताना भलतंच गाव होऊन येतं. माझ्या स्वतःच्या एका कागदावर गावाच्या नावातला ‘ळ’ ‘ड’ होऊन आला होता आणि तो दुरुस्त करायला मला सात महिने लागले. तेव्हापासून मी अर्जासोबत सातबाऱ्याची प्रत जोडतोच.

पिनकोडवरून गाव ठरवू नका. पिनकोड (१५ ऑगस्ट १९७२ पासून) टपाल कार्यालयाचा असतो, एका कोडखाली पुष्कळ गावं येतात. तसंच स्टेशनाचं. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड या नावांतल्या ‘रोड’चा अर्थच असा की मूळ गाव इथून लांब आहे.

गावाचं नाव बदलता येतं का?

येतं, पण ग्रामसभेच्या ठरावाने लगेच बदलत नाही. ठराव ही पहिली पायरी. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे जातो आणि राज्याला केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती घ्यावी लागते. त्यासाठी १९५३ ची मार्गदर्शक तत्त्वं आजही आधाराला आहेत. रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची हरकत आहे का तेही विचारलं जातं. लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव सबळ कारणाशिवाय बदलू नये, असा एकूण रोख आहे. मलाही तो पटतो. ओढ्यावरून, झाडावरून, देवीवरून पडलेली नावं हाच कित्येक लहान गावांचा एकमेव लिखित इतिहास असतो.

वस्त्यांच्या नावांची गोष्ट मात्र निराळी आहे. गावोगावी वाड्यांना जातीची नावं चिकटवलेली होती आणि पोरांना शाळेच्या दाखल्यावर ती आयुष्यभर वागवावी लागत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. तुमच्या गावात कागदावर नाव बदललं असेल आणि बोलण्यात तेच जुनं असेल, तर मुंबईच्या मंडळाने पुढाकार घ्यावा. पत्रिकेवर, वर्गणीच्या पावतीवर, क्रिकेटच्या संघाच्या शर्टावर नवं नाव छापा. आमच्या मंडळाने पावतीपुस्तकं बदलली. दोन सभा त्यात गेल्या, पण बदलली.

पणजोबांच्या काळात गावात किती माणसं होती? त्यांचं नाव जुन्या जनगणनेत सापडेल का?

आकडा सापडू शकतो, नाव नाही. आपल्याकडे पहिली मोजणी १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी होऊ लागली. पण घराघराची माहिती गोपनीय असते. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ती कोणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा ‘१९५१ च्या जनगणनेतून आजोबांचा दाखला काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नावासाठी दुसरीकडे शोधा: गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. शाळेचा जनरल रजिस्टर. जुने फेरफार आणि आठ-अ. मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा. जुन्या परिसराची कल्पना यावी म्हणून १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर वाचावं. मुंबईला कामासाठी जाणाऱ्या रत्नागिरीकरांची नोंद त्यातही आहे, म्हणजे आपली ही ये-जा किमान दीडशे वर्षांची.

जुन्या आकड्यांत आमचं गाव दुसऱ्याच जिल्ह्यात दिसतं. हे चुकलंय का?

नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीची गावं रत्नागिरीखाली शोधा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे २०११ मध्ये वसई, डहाणू, जव्हारची गावं ठाण्यात आहेत.

लोकसंख्या किती झाली की गावाचं शहर होतं?

नगरपालिका, नगरपंचायत झाली की ते शहरच. ती नसताना जनगणना काही गावांना ‘गणना शहर’ मानते. त्यासाठी किमान ५००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी लागतात. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो.

मुंबईत आता एकही गाव उरलेलं नाही, असं म्हणतात. खरं आहे?

जनगणनेच्या हिशोबात खरं. २०११ मध्ये मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची ग्रामीण लोकसंख्या शून्य आहे. पण घराचे कागद उघडा. गोरेगावातल्या इमारतीच्या कागदावर ‘मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली’ असं दिसेल. अंधेरी, कुर्ला, बोरिवली हे आजही महसुली तालुके आहेत. साष्टी बेटावरची, म्हणजे आजच्या उपनगरांतली ही गावं १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. लोकसंख्या शहराची झाली तरी गावाचं नाव जमिनीला धरून राहिलं. शीव म्हणजे तर हद्दच, तेच नाव इंग्रजांनी सायन केलं. वरळी, माहीम, वेसावे, मढ इथले कोळीवाडे आणि गोराई-मनोरीची गावठाणं पाहिली की कळतं, ज्यांना आपण मुंबईकर म्हणतो त्यांच्यातली कित्येक माणसं आपल्याच गावात राहतात, गाव तेवढं त्यांच्याभोवती बदललं. त्यांच्या गावठाणाच्या हद्दीचं मोजमाप हा त्यांचा जुना, न्याय्य आग्रह आहे. आपण चाकरमान्यांनी त्यात त्यांच्या बाजूने उभं राहावं.

मंडळाने स्वतः गावाची गणती करावी का?

करावी. जनगणनेला पर्याय म्हणून नाही. ती दहा वर्षांनी येते आणि आकडे छापून यायला आणखी वेळ जातो, मधल्या काळात वाडीचं काय होतं ते आपल्याला कळायला हवं म्हणून. आम्ही दर मे महिन्यात करतो, तेव्हा तरुण मुलं गावी असतात. घरोघर जायचं, ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, लिहायचं.

वही साधी ठेवा. वाडी, घराचं नाव, बारा महिने राहणारी माणसं, त्यांची वयं, औषध चालू असलेलं कोण, एकटं राहणारं कोण, अडचणीत कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. मुंबई-पुण्यात असलेल्यांचा रकाना वेगळा, तो या रकान्यात कधीही मिसळू नका. आजारपणाची आणि फोनची पानं कोणाच्या मोबाइलवर फिरवू नका. वहीची एक प्रत गावात विश्वासाच्या माणसाकडे असू द्या, दरडीच्या किंवा पुराच्या रात्री मुंबईतल्या कपाटातली वही कामाची नाही.

आमच्या वहीत शेवटचा रकाना आईच्या सांगण्यावरून घातला आहे: ‘दिवा लागतो का?’ कुलूप असलं तरी शेजारीण जाऊन संध्याकाळी दिवा लावते अशी घरं आहेत, त्यांच्यापुढे तिचं नाव लिहितो.